ब्लॅकपूल : खोल्यांचे गाव

मँचेस्टरमध्ये कामानिमित्त राहत असताना इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरच्या ब्लॅकपूल या सुट्टीच्या गावी जाऊन राहायचे ठरवले आणि ते कार्यालयात बोलून दाखवले, तेव्हा सहकाऱ्यांची प्रतिक्रिया मोठी मासलेवाईक होती. चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाकडे लहानपणी आजी-आजोबांबरोबर तिथे गेल्याची एक तरी आठवण होती, ती सांगताना चेहरा खुलत होता, आणि आठवण संपताच ‘पण आता तिथे जाऊ नकोस, काही राहिलेले नाही’ हे वाक्य ठरल्यासारखे येत होते. लेक डिस्ट्रिक्टला जा, वेल्सला जा, अगदी लिव्हरपूलला जा, असे पर्याय भराभर सुचवले गेले. ज्या गावावर माणसांचा इतका जीव आहे आणि ज्याची त्यांना इतकी लाजही वाटते, ते गाव पाहिल्याशिवाय राहणे मला जमण्यासारखे नव्हते.

प्रेस्टनहून गाडी सुटली की फाइल्डचा सपाट, हिरवा प्रदेश लागतो आणि गाव यायच्या बऱ्याच आधी क्षितिजावर ब्लॅकपूल टॉवरची उभी रेघ दिसू लागते. टॉवर आधी कोणाला दिसतो याची पैज लावण्याची इथल्या मुलांची जुनी रीत आहे. माझ्या डब्यात मुले नव्हती; लग्नाआधीची मौज करायला निघालेल्या नवरीचा आणि तिच्या मैत्रिणींचा एक गुलाबी पट्टे ल्यालेला घोळका होता, आणि त्यांचे लक्ष खिडकीबाहेर मुळीच नव्हते. १५८ मीटर उंचीचा हा टॉवर जॉन बिकरस्टाफ यांनी १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आयफेल टॉवर पाहून परतल्यावर मनावर घेतला आणि १४ मे १८९४ रोजी तो लोकांसाठी खुला झाला. त्याचा आराखडा करणारे मॅक्सवेल आणि टूक हे दोघेही वास्तुविशारद मात्र तो पूर्ण व्हायच्या आतच निवर्तले.

या गावाची गोष्ट कळायची तर समुद्राकडे पाठ करून आधी कापडगिरण्यांकडे पाहावे लागते. लँकेशर या ब्लॅकपूलच्याच परगण्यातल्या प्रत्येक गिरणीगावात वर्षातून एकदा ‘वेक्स वीक’ येत असे. मूळचा तो गावच्या चर्चच्या संताचा उत्सव, म्हणजे आपल्या ग्रामदैवताची जत्राच. गिरण्या आल्यावर मालकांनी त्याच आठवड्यात बॉयलर साफ करून घ्यायचे, यंत्रांची डागडुजी करायची आणि कामगारांना बिनपगारी सुट्टी द्यायची, असा शिरस्ता पाडला. १९३८ साली पगारी रजेचा कायदा होईपर्यंत बहुतेक कामगार ही सुट्टी स्वतःच्या खिशातून भोगत होते आणि त्यासाठी वर्षभर दर आठवड्याला बचत मंडळात चार पैसे टाकत होते. आठवडा उजाडला की घरांना कुलपे लागत आणि सगळे गाव रेल्वेने ब्लॅकपूलला लोटे. गिरणीत शेजारच्या मागावर उभा असणारा माणूस वाळूवरही शेजारीच बसलेला असे. यातली खरी मेख अशी की ओल्डहॅम, बर्नली, ब्लॅकबर्न अशा प्रत्येक गावाचा आठवडा वेगळा होता. त्यामुळे एक गाव शनिवारी खोल्या सोडून निघाले की दुसरे त्याच खोल्यांत दाखल होई, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ब्लॅकपूलची एकही गादी थंड पडत नसे. मोसम ओसरल्यावर शरद ऋतूतही माणसे यावीत म्हणून किनाऱ्यावर विजेच्या दिव्यांची आरास सुरू झाली, जिची सुरुवात १८७९ साली आठ आर्क दिव्यांनी झाली होती. १९३० च्या दशकात वर्षाला सुमारे ७० लाख माणसे इथे येत होती, आणि त्यांना उतरवून घ्यायला एकट्या सेंट्रल स्थानकावर १४ फलाट होते.

इथे थोडे विषयांतर करते, कारण मराठी वाचकाला त्याचे नवल वाटेल. ब्लॅकपूलचा सर्वात जुना धक्का, नॉर्थ पिअर, २१ मे १८६३ रोजी खुला झाला, म्हणजे अमेरिकेतले यादवी युद्ध ऐन भरात असताना. अमेरिकेचा कापूस बंद झाल्याने लँकेशरच्या गिरण्या तेव्हा ओस पडल्या होत्या, कामगारांच्या घरी चुली पेटत नव्हत्या, आणि ती टंचाई भरून काढायला वऱ्हाड-खानदेशापासून गुजरातपर्यंतचा कापूस मुंबई बंदरातून बोटीवर चढत होता. त्याच पैशावर मुंबईत शेअर बाजाराचा तो प्रसिद्ध वेडाचार चालला होता. नॉर्थ पिअर अर्थातच कामगारांसाठी नव्हता. प्रवेशशुल्क भरून खाऱ्या वाऱ्यात फिरणाऱ्या सुखवस्तू लोकांसाठी तो बांधला होता. गिरणीतल्या माणसांना मोकळ्यावर नाचता यावे असा सेंट्रल पिअर त्यानंतर पाच वर्षांनी आला. पुढे पहिल्या महायुद्धानंतर लँकेशरच्या कापडधंद्याला उतरती कळा लागली, आणि तिच्यात जपानी कापडाबरोबर मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचा व आपल्या बहिष्काराचाही वाटा होता. गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी सप्टेंबर १९३१ मध्ये लँकेशरमधल्या डार्वेनला गेले आणि ज्यांचा रोजगार बुडत होता त्याच गिरणीकामगार बायकांनी त्यांचा जयजयकार केला, ते छायाचित्र अनेकांनी पाहिले असेल. वर्षातला एक आठवडा ब्लॅकपूलच्या वाळूवर घालवणारी माणसे ती हीच.

टॉवरच्या चार पायांच्या मध्ये सर्कस आहे आणि त्याच इमारतीत १८९९ साली फ्रँक मॅचम यांनी घडवलेले नृत्यगृह आहे. दुपारच्या चहाच्या वेळी मी तिथे जाऊन बसले. सोनेरी नक्षीचे सज्जे, रंगवलेले छत, झुंबरे हे सगळे छायाचित्रांतून पाहिलेले होते. न पाहिलेली होती ती जमीन. महोगनी, ओक आणि अक्रोडाच्या लाकडाचे ३०,६०२ तुकडे बसवून ती केलेली आहे, आणि तिच्यावर नाचणाऱ्यांची पावले वाजत नाहीत, फक्त चामडी तळव्यांची एक सलग सळसळ ऐकू येते. माझ्या शेजारच्या टेबलावर आलेल्या वृद्ध जोडप्याने आधी कापडी पिशवीतून नाचायचे जोडे काढले, चालायचे जोडे त्याच पिशवीत नीट घालून खुर्चीखाली सरकवले, आणि मग चहाची ऑर्डर दिली. तेवढ्यात वुर्लिट्झर ऑर्गन वाजवतच वादक रंगमंचावर वर आला. रेजिनल्ड डिक्सन यांनी १९३० पासून १९७० पर्यंत चाळीस वर्षे इथे ऑर्गन वाजवला आणि त्यांचे सूर रेडिओवरून इंग्लंडभर घराघरांत पोचले.

नाचाच्या जमिनीवर जोडपी बरीच होती, पण दोन-दोन बायकांच्या जोड्याही कमी नव्हत्या. नवरा गेल्यावर मैत्रिणीने पुरुषाची पावले शिकून घ्यायची, हे इथे इतके रूढ आहे की त्यांच्यात कोण कोणाला वळवते आहे हे कळतही नव्हते. मागून वेगात येणाऱ्या जोडीला वाट देण्यासाठी पुढची जोडी चाल न मोडता अर्धे पाऊल आत घेई, आणि हे सारे मान न वळवता चाले. १९५६ च्या आगीत हे नृत्यगृह जळाले होते. दोन वर्षांत ते पुन्हा होते तसे उभे केले गेले. विंटर गार्डन्स या करमणुकीच्या संकुलातल्या एम्प्रेस बॉलरूममध्ये १९२० पासून भरणाऱ्या नृत्यमहोत्सवाला आजही जगभरातून स्पर्धक येतात. ज्यांनी मला ‘काही राहिलेले नाही’ असे सांगितले होते, त्यांना हे ठाऊक असावे. फक्त राहिलेल्या गोष्टींत त्याची गणती करायचे त्यांना सुचत नसावे.

किनाऱ्यालगतच्या ‘गोल्डन माइल’बद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. पैसे गिळणारी यंत्रे, तळणाचा वास, भविष्य सांगणाऱ्यांच्या टपऱ्या आणि आत गावाचे नाव आरपार उमटवलेल्या साखरेच्या कांड्या, असा तो मामला आहे. वाळूवर मुलांना फिरवणाऱ्या गाढवांना नियमानुसार शुक्रवारची सुट्टी असते. गिरणीकामगारांच्या बिनपगारी सुट्टीचा इतिहास वाचून आल्यावर हा नियम ऐकताना हसू आवरत नाही.

किनाऱ्यापासून दोन-तीन गल्ल्या आत शिरले की मात्र पाय आपोआप मंदावतात. दोन्ही बाजूंना एकमेकींना चिकटून उभी असलेली, अरुंद तोंडाची आणि मागे खोलवर गेलेली तीन मजली घरे, प्रत्येकाला पुढे आलेली काचेची खिडकी, आणि जवळजवळ प्रत्येक दर्शनी भिंतीवर कुठल्या ना कुठल्या हॉटेलचे नाव. काही नावे अजून उजळ रंगात आहेत. बऱ्याच ठिकाणी अक्षरे काढून टाकलेली आहेत आणि भिंतीचा तेवढा भाग कमी मळलेला असल्याने नाव तरीही वाचता येते. अशाच एका दारापाशी मी थोडी रेंगाळले. चौकटीला घंटांच्या आठ कळा बसवलेल्या होत्या, त्यांतल्या दोनच कळांपुढे चिकटपट्टीवर नाव होते, बाकीच्यांपुढे नुसते आकडे; पूर्वी पाहुणे जिथे बसून चहा पीत असतील त्या पुढच्या अंगणात एक भिजलेली गादी उभी टेकवून ठेवली होती आणि दर्शनी खिडकीला पडद्याऐवजी चादर होती.

ही घरे अशी का बांधली गेली, यालाही कारण आहे. शेजारच्या लिथम आणि सेंट ॲन्सची जमीन एका मोठ्या जमीनदार घराण्याच्या हातात होती, त्यामुळे तिथे रुंद रस्ते आणि बागा आखूनरेखून झाल्या. ब्लॅकपूलची जमीन लहान लहान मालकांत वाटली गेलेली होती, ती तुकड्यातुकड्यांनी विकली गेली, आणि प्रत्येक तुकड्यावर घेणाऱ्याने बसतील तितक्या खोल्या बसवल्या. खोलीत पलंग, कोपऱ्यात तोंड धुण्याचे भांडे, न्हाणीघर जिन्याच्या वळणावर सगळ्यांना मिळून एक. दिवसभर बाहेर हिंडून रात्री फक्त पाठ टेकायला येणाऱ्या माणसाला आठवडाभर ते पुरत होते.

पडझडीची कारणे विचारली की लोक स्पेनचे नाव घेतात, आणि ते चुकीचे नाही. स्वस्त विमानप्रवासासह सगळी सोय करून देणाऱ्या सहली १९६० आणि १९७० च्या दशकांत सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या. ऑगस्टमध्येही अंगात स्वेटर चढवायला लावणाऱ्या किनाऱ्याऐवजी हमखास ऊन मिळणार असेल, तर कोण थांबणार? परंतु माझ्या मते त्याआधीचा घाव अधिक खोलवर बसला होता. गिरण्याच बंद पडत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर अख्ख्या गावाने एकाच आठवड्यात सुट्टी घेण्याचे कारणही संपले. सेंट्रल स्थानक १९६४ साली बंद झाले आणि त्या जागेवर पुढे मोटारी उभ्या राहू लागल्या. माणसे येत राहिली, अजूनही लाखोंनी येतात, पण ती दिवसापुरती किंवा शनिवार-रविवारपुरती. राजकीय पक्षांची मोठी वार्षिक अधिवेशने विंटर गार्डन्समध्ये भरत, ऑक्टोबरचे दिवस त्यावर निघत. २००७ नंतर तीही मोठ्या शहरांकडे गेली. त्याच वर्षी देशातला एकमेव महा-कॅसिनो आपल्याला मिळेल या आशेवर गाव बसले असताना समितीने मँचेस्टरची निवड केली, आणि मग सरकारने ती योजनाच गुंडाळली. आशा लागली आणि कोणालाच काही मिळाले नाही, यापेक्षा ती लागलीच नसती तर बरे झाले असते, असे गावात आजही ऐकू येते.

पाहुणे आटले तरी खोल्या जागेवरच होत्या, आणि पुढचे सगळे त्या खोल्यांमुळे घडले. पाहुणा फार तर वीस आठवडे येणार, तोही आता बेभरवशाचा. उलट ज्याचे घरभाडे सरकारी मदतीतून भागते असा भाडेकरू बावन्न आठवडे राहणार. हा हिशेब मांडायला फार हुशारी लागत नाही. एकेका अतिथीगृहाच्या खोल्या एकेका माणसाला भाड्याने जाऊ लागल्या, आणि अशी एकटी माणसे उत्तर इंग्लंडच्या व स्कॉटलंडच्या शहरांतून येत राहिली : काम सुटलेली, संसार मोडलेला, आजारी, व्यसनात अडकलेली. खोली स्वस्त आणि ताबडतोब मिळते हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की आयुष्यात जिथे एक आठवडा सुखाचा गेला होता, त्या गावी जाऊन पुन्हा सुरुवात करावी असे माणसाला वाटते. इथे मात्र हिवाळ्यात काम नसते, आणि असते तेही मोसमापुरते. सुमारे १,४०,००० वस्तीच्या या गावात २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार इंग्लंडमधल्या सर्वाधिक वंचित दहा वस्त्यांपैकी आठ होत्या, आणि पुरुषांचे सरासरी आयुर्मान ७४ वर्षांच्या आसपास, म्हणजे देशाच्या सरासरीहून सुमारे पाच वर्षांनी कमी भरत होते. या आकड्यांवरून ब्लॅकपूलने स्वतःच्या माणसांची हेळसांड केली असा निष्कर्ष वर्तमानपत्रे काढतात, तो मला अन्यायाचा वाटतो. इतर शहरांनी ज्यांना घर दिले नाही, त्यांना या गावाने निदान खोली दिली.

मी उतरले होते ते अतिथीगृह सत्तरी ओलांडलेल्या एका बाई चालवतात. आधी ते त्यांच्या आईकडे होते. मला ‘लव्ह’ म्हणून हाक मारत त्यांनी न्याहारीच्या टेबलाशीच खुर्ची ओढली. आईच्या काळी पाहुणे शिधा स्वतः आणत, पुड्यांवर नावे घालून स्वयंपाकघरात देत, आणि त्यांच्या आई प्रत्येकाचे वेगळे रांधून वाढत. न्याहारी झाली की पाहुण्यांनी घराबाहेर पडायचे आणि रात्रीच्या जेवणापर्यंत परतायचे नाही, मग बाहेर पाऊस कोसळो. नाहीतर खोल्या झाडणार कधी? ‘लोक चिडत नसत?’ असे मी विचारले. ‘चिडत, पण पुढच्या वर्षीची खोली राखून जात,’ असे त्या म्हणाल्या. त्यांच्या डावीकडचे आणि समोरचे, अशी दोन्ही घरे आता खोली-खोलीने भाड्याने गेली आहेत. त्यांचे घर विकत घ्यायला तयार असल्याची पत्रे दलालांकडून येतात. ती त्या स्वयंपाकघरातल्या खणात ठेवतात, फाडत नाहीत. भाडेकरूंबद्दल त्या वाकडे बोलल्या नाहीत. समोरचा मुलगा थंडीत बिनमोज्यांचा फिरतो म्हणून त्यांनी त्याला मोजे दिले होते, आणि त्याच मुलाने रात्री घातलेल्या गोंधळामुळे त्यांचे एक जुने गिऱ्हाईक कायमचे तुटले होते. दोन्ही गोष्टी त्यांनी सारख्याच सुरात सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. इथे मोठ्या भरतीच्या दिवसांत पाण्याची पातळी आठ मीटरांहून अधिक वर-खाली होते, त्यामुळे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की तो आहे की नाही अशी शंका यावी, आणि मधल्या ओल्या वाळूवर धक्क्यांचे लोखंडी पाय उघडे पडतात. हे पाणी एकेकाळी पोहण्याच्या लायकीचे नव्हते. स्वच्छतेचे निकष पाळले नाहीत म्हणून ब्लॅकपूल आणि साउथपोर्टच्या पाण्यावरून युरोपीय न्यायालयाने १९९३ साली ब्रिटनविरुद्ध निकाल दिला. त्यानंतर सांडपाण्याची व्यवस्था सुधारली. समुद्राला अडवणारी पायऱ्यांची नवी भिंत झाली, १८८५ पासून चाललेल्या ट्राममार्गावर २०१२ साली नव्या गाड्या आल्या, टॉवरसमोर विनोदवीरांची वाक्ये ग्रॅनाइटच्या अक्षरांत कोरलेला भला मोठा चौक झाला, आणि खुद्द टॉवर व विंटर गार्डन्स २०१० साली नगरपालिकेने विकत घेतले. यातली ट्राम मला सर्वात आवडली, कारण तिच्यात सहलीला आलेले आणि कामावर निघालेले लोक शेजारी शेजारी बसतात. बाकीच्या कामांबद्दल तक्रार नाही, पण पैसा बराच काळ समुद्राच्या बाजूला ओतला गेला आणि मागच्या गल्ल्या तशाच राहिल्या, हे तिथे तासभर चालणाऱ्या कोणालाही दिसेल.

खोल्यांचा प्रश्न खोल्यांपाशीच सोडवायचा प्रयत्न २०१५ पासून सुरू आहे. नगरपालिकेने स्वतःची गृहनिर्माण कंपनी काढली असून ती जुनी अतिथीगृहे विकत घेते, आतले आडपडदे काढते आणि जिथे आठ खोल्या होत्या तिथे कुटुंबाला राहण्याजोगी मोजकी घरे करते. काम संथ आहे, कारण अशी घरे शेकड्यांनी आहेत आणि एकेक घर वेगळ्या मालकाकडून घ्यावे लागते. मला ही आजवरची सर्वात शहाणी योजना वाटली. बाईंना ती तितकीशी पटलेली नाही. सगळ्या खोल्या मोडून घरे केली तर दिव्यांच्या मोसमात माणसांनी झोपायचे कुठे, असा त्यांचा सवाल होता. गल्लीत उरलेली चालती अतिथीगृहे मोजली तर त्यांची भीती अवाजवी वाटते. पण दिव्यांच्या मोसमातल्या शनिवारी त्यांच्या खिडकीत ‘जागा नाही’ अशी पाटी अजून लागते, आणि त्या रात्री मीही पाटी लागण्यापूर्वीची शेवटची खोली घेतली होती, हे त्यांनी मला बिल देताना आवर्जून सांगितले.